कॉफी तयार करण्याच्या हस्तपद्धती

कॉफी तयार करण्याच्या हस्तपद्धती म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्वयंचलित यंत्राशिवाय, साध्या उपकरणांच्या साहाय्याने भाजलेल्या कॉफीच्या बियांपासून पेय तयार करण्याच्या पद्धती होत. या पद्धतींत बिया दळणे, पाण्याचे तापमान ठरवणे, पाणी ओतणे आणि चोथा वेगळा करणे ही सर्व कामे करणाऱ्या व्यक्तीच्या नियंत्रणाखाली असतात. दक्षिण भारतीय फिल्टर, कागदी गाळणीचे शंकूपात्र, फ्रेंच प्रेस, मोका पात्र, एरोप्रेस आणि तुर्की जेझवे ही या प्रकारातील प्रमुख उपकरणे आहेत. उपकरणांची रचना वेगवेगळी असली, तरी त्यांमागील रासायनिक क्रिया एकच असते. गरम पाण्यात कॉफीपुडीतील विद्राव्य घटक उतरतात आणि न विरघळणारा भाग चोथ्याच्या रूपाने मागे राहतो. या क्रियेला निष्कर्षण म्हणतात.

घरी तयार केलेल्या कॉफीची चव मुख्यतः बियांचा दर्जा व ताजेपणा, दळणाचा जाडबारीकपणा व त्यातील एकसारखेपणा, कॉफी आणि पाणी यांचे प्रमाण, पाण्याची गुणवत्ता व तापमान आणि संपर्काचा वेळ या घटकांवर अवलंबून असते. यांपैकी दळणाचा परिणाम सर्वांत मोठ्या घटकांत गणला जातो. त्यामुळे घरगुती साधनांमध्ये चांगल्या ग्राइंडरला विशेष महत्त्व दिले जाते.

संज्ञा

कॉफीच्या बियांना मराठीत बुंद किंवा बुंददाणे असेही म्हटले जाते. दळलेल्या बियांना कॉफीपूड, तर पाणी गाळून गेल्यावर उरलेल्या पुडीला चोथा म्हणतात. दक्षिण भारतीय फिल्टरमधून उतरणाऱ्या दाट अर्कासाठी ‘डिकॉक्शन’ हा शब्द रूढ आहे. बाजारात मिळणारी झटपट अर्थात इन्स्टंट कॉफी ही कॉफीपूड नसून आधीच काढलेला अर्क वाळवून केलेली भुकटी असते. ती पाण्यात पूर्ण विरघळते, म्हणून तिला गाळण्याची गरज नसते. या लेखातील पद्धती इन्स्टंट कॉफीला लागू होत नाहीत.

इतिहास

पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी साधक रात्रीच्या उपासनेसाठी जागे राहता यावे म्हणून कॉफी पीत असत. तेथून हे पेय अरबस्तान, इजिप्त आणि ऑटोमन साम्राज्यात पसरले. अतिशय बारीक दळलेली पूड पाण्यात उकळून न गाळताच पिण्याची रीत या प्रदेशांत रुजली. तुर्की कॉफी आणि तिच्याशी निगडित परंपरांचा समावेश युनेस्कोने २०१३ साली मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

युरोपातही सुरुवातीला कॉफी उकळूनच केली जात असे. इ.स. १८००च्या सुमारास पॅरिसमध्ये वरच्या भांड्यातील पुडीवर गरम पाणी ओतून खालच्या भांड्यात अर्क गाळून घेण्याचे पात्र प्रचारात आले. त्याचे श्रेय पॅरिसचे आर्चबिशप द बेलोय यांना दिले जाते. उष्णतेविषयीच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले काउंट रमफर्ड यांनी १८१२ साली कॉफीवर निबंध लिहिला. उकळल्याने कॉफीचा सुगंध उडून जातो, असे प्रतिपादन त्यांनी त्यात केले होते.

जर्मनीतील ड्रेस्डेन येथील मेलिटा बेंट्झ या गृहिणीने पितळी भांड्याच्या तळाला भोके पाडून त्यात मुलाच्या वहीतील टीपकागद बसवला आणि कपातील गाळ व कडवटपणा कमी केला. १९०८ साली तिने या शोधाची अधिकृत नोंदणी केली. कागदी गाळणीच्या प्रसाराचा आरंभ तेथून मानला जातो. जर्मनीत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ पीटर श्लुम्बोम यांनी अमेरिकेत १९४१ साली काचेचे ‘केमेक्स’ पात्र तयार केले. त्याचा समावेश न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

दट्ट्याने चोथा खाली दाबण्याच्या पात्राचे पहिले एकस्व १८५२ साली फ्रान्समध्ये मायर आणि देलफोर्ज यांनी घेतले. आज फ्रेंच प्रेस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पात्राच्या विकासात मात्र इटालियनांचा वाटा मोठा आहे. मिलानमधील अत्तिलिओ कालिमानी यांनी १९२९ साली सुधारित रचनेचे एकस्व घेतले होते. इटलीतच १९३३ साली अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून अष्टकोनी ॲल्युमिनियमचे मोका पात्र बाहेर पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे पुत्र रेनातो यांनी केलेल्या जाहिरातींमुळे ते इटलीत घरोघरी पोहोचले. अमेरिकी अभियंते ॲलन ॲडलर यांचे एरोप्रेस २००५ साली बाजारात आले. ॲडलर त्याआधी लांब अंतर कापणाऱ्या फेकण्याच्या कड्यांसाठी ओळखले जात होते.

भारतातील परंपरा

सतराव्या शतकात बाबा बुडन या सूफी संतांनी येमेनमधील मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया आणून आजच्या कर्नाटकातील चिक्कमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगररांगेला आज बाबा बुडनगिरी म्हणतात. भारतात कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू ही प्रमुख उत्पादक राज्ये असून आंध्र प्रदेशातील अरकू खोऱ्यातही लागवड होते. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा येथे अल्प प्रमाणात कॉफी पिकते. कूर्ग अरेबिका, वायनाड रोबस्टा, चिकमगळूर अरेबिका, अरकू व्हॅली अरेबिका आणि बाबाबुडनगिरी अरेबिका या पाच कॉफींना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ‘मॉन्सून्ड मलबार’ या कॉफीला ते त्याआधीच मिळाले होते. या प्रकारात पश्चिम किनाऱ्यावरील गोदामांत कच्च्या बियांवर मोसमी वारे खेळू देतात. दमट हवेने बिया फुगतात, पिवळसर पडतात आणि त्यांची आम्लता घटते.

दक्षिण भारतातील घरांत दोन मजली धातूचा फिल्टर वापरला जातो. डिकॉक्शन गरम दुधात मिसळून पेला आणि डबरा यांच्या जोडीत वाढतात. पूर्वी अनेक घरांत मेजाच्या कडेला आवळून बसवलेली बिडाची हातयंत्रे बिया दळण्यासाठी असत. मुंबईत माटुंगा परिसरात स्थायिक झालेल्या दक्षिण भारतीय कुटुंबांमुळे आणि तेथील उपाहारगृहांमुळे ही कॉफी मराठी ग्राहकांच्याही परिचयाची झाली.

महाराष्ट्रातील घरगुती कॉफीची रीत वेगळी आहे. पातेल्यात पाणी, दूध, साखर आणि कॉफीपूड एकत्र उकळून तीत जायफळ किंवा वेलदोड्याची पूड घालतात आणि चहाप्रमाणेच गाळणीने गाळतात. या पद्धतीत बियांच्या सूक्ष्म सुगंधापेक्षा दूध आणि मसाल्याच्या चवीला प्राधान्य असते.

भारतीय बाजारातील बऱ्याच कॉफीपुडींत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ असून त्यात कॅफिन नसते. चिकोरीमुळे अर्काला गडद रंग, दाटपणा आणि कडसर गोडी येते. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात वजनाने किमान ५१ टक्के कॉफी असणे आणि वेष्टनावर दोहोंचे प्रमाण छापणे बंधनकारक आहे. त्यामुळे ‘फिल्टर कॉफी’ म्हणून घेतलेल्या पाकिटात जवळजवळ निम्मा भाग चिकोरीचा असू शकतो. वेष्टनावरील ही ओळ वाचल्याशिवाय दोन पुडींच्या किमतीची किंवा चवीची तुलना करता येत नाही.

निष्कर्षणाचे शास्त्र

भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी सुमारे ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. उरलेला भाग मुख्यतः काष्ठतंतूंचा असतो. विरघळणारे घटक एकाच वेगाने उतरत नाहीत. फळांसारखी आंबट चव देणारी आम्ले आणि क्षार लवकर उतरतात, गोडसरपणा आणि दाटपणा देणारे घटक त्यानंतर, तर कडू व तुरट घटक अधिक सावकाश उतरतात. निष्कर्षण अपुरे राहिल्यास कॉफी आंबट, खारट आणि पोकळ लागते. ते अति झाल्यास कडू आणि घशाला कोरड आणणारी होते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीशी संबंधित रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५०च्या दशकात कॉफी नियंत्रण आलेख मांडला. त्यानुसार पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला आणि तयार पेयात विरघळलेल्या घटकांचे प्रमाण १.१५ ते १.३५ टक्के असले, तर कॉफी संतुलित लागते. पहिल्या आकड्याला निष्कर्षणाचे प्रमाण आणि दुसऱ्याला पेयाची तीव्रता म्हणतात. या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. भरपूर पूड आणि कमी पाणी वापरून केलेली कॉफी तीव्र असूनही तिचे निष्कर्षण अपुरे असू शकते.

उदाहरणार्थ, १५ ग्रॅम पुडीवर २५० ग्रॅम पाणी ओतले, तर चोथा प्रत्येक ग्रॅममागे सुमारे २ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. म्हणजे साधारण २२० ग्रॅम पेय मिळते. त्याची तीव्रता १.३५ टक्के असेल, तर त्यात सुमारे २.९७ ग्रॅम घटक विरघळलेले असतात. १५ ग्रॅमच्या तुलनेत हे प्रमाण १९.८ टक्के होते, म्हणजेच ते वरील मर्यादेत बसते.

हा आलेख सरासरी पसंतीवर आधारलेला असून तो सर्वांच्या आवडीला लागू पडतो असे नाही. अधिक आम्लयुक्त किंवा अधिक गडद कॉफी आवडणारे ग्राहक या मर्यादेबाहेरील पेयही पसंत करतात.

दळण आणि ग्राइंडर

दळणाचे महत्त्व

बी दळल्याने पाण्याला उपलब्ध होणारे पृष्ठफळ वाढते. एखाद्या घनाचे प्रत्येक बाजू निम्मी असलेले आठ घन केले, तर एकूण पृष्ठफळ दुप्पट होते. कण जितके बारीक, तितके निष्कर्षण वेगाने होते. त्याचबरोबर बारीक पुडीच्या थरातून पाणी सावकाश झिरपते, त्यामुळे संपर्काचा वेळही वाढतो.

कोणतेही दळण पूर्णपणे एकसारखे नसते. त्यात धुळीसारखे अतिसूक्ष्म कण आणि मोठे खडे दोन्ही असतात. सूक्ष्म कणांतून कडवट घटक उतरू लागतात, तेव्हा खड्यांच्या गाभ्यापर्यंत पाणी पोहोचलेलेही नसते. अशा पुडीपासून केलेली कॉफी एकाच वेळी आंबट आणि कडू लागते. पाण्याचे तापमान किंवा वेळ बदलून हा दोष दूर होत नाही. महागडे शंकूपात्र किंवा किटली घेण्याआधी चांगला ग्राइंडर घ्यावा, असा सल्ला दिला जातो तो यामुळेच.

दळल्यानंतर सुगंधी द्रव्ये वेगाने उडून जातात आणि तेलांचा हवेशी संपर्क वाढतो. त्यामुळे पूड साठवण्याऐवजी लागेल तेवढ्याच बिया आयत्या वेळी दळणे इष्ट ठरते.

पात्यांचा ग्राइंडर

यात फिरते पाते बियांचे तुकडे करते. स्वयंपाकघरातील मिक्सरचे चटणीचे भांडे याच तत्त्वावर चालते. कणांच्या आकारावर कोणतीही मर्यादा नसल्याने दळण विषम होते आणि दीर्घकाळ फिरवल्यास पूड तापते. मिक्सर वापरणे अपरिहार्य असल्यास थोड्या बिया घेऊन एकेका सेकंदाचे झटके द्यावेत, मध्ये भांडे हलवावे आणि शेवटी पिठासारखा भाग बारीक चाळणीने काढून टाकावा. अशी पूड फ्रेंच प्रेससारख्या बुडवण पद्धतीत तुलनेने बरी चालते.

दातेरी चकत्यांचा ग्राइंडर

यात ‘बर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन दातेरी भागांमधील फटीतून बिया जातात. जात्याच्या दोन पाळ्यांप्रमाणे एक भाग स्थिर असतो आणि दुसरा फिरतो. फटीपेक्षा मोठा कण खाली उतरू शकत नाही, म्हणून दळण अधिक एकसारखे होते. चकत्या सपाट किंवा शंकूच्या आकाराच्या असतात. हाताने फिरवायच्या ग्राइंडरमध्ये प्रायः शंकूच्या आकाराच्या, पोलादी किंवा सिरॅमिकच्या चकत्या असतात. फ्रान्समधील पूजो कंपनी मोटारी बनवण्याच्या कितीतरी आधी, १८४०पासून, कॉफीची हातयंत्रे बनवत होती.

हातग्राइंडरची गुणवत्ता केवळ चकत्यांच्या धारेवर ठरत नाही. मधला दांडा दोन्ही टोकांना बेअरिंगने घट्ट धरलेला असावा लागतो. तो डुगडुगत असेल, तर प्रत्येक फेऱ्यात फटीची रुंदी बदलते आणि जाड दळण विशेष विषम होते. जाडी ठरवण्यासाठी बहुतेक यंत्रांत टिक-टिक करत सरकणारे चाक असते. चकत्या एकमेकींना टेकतील ती शून्यस्थिती मानून तेथून किती टिचक्या मागे आलो हे मोजल्यास तेच दळण पुन्हा साधता येते. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांतील टिचक्यांची तुलना मात्र करता येत नाही.

दळताना घर्षणाने स्थिर विद्युतभार तयार होतो आणि पूड यंत्राला चिकटते. दळण्यापूर्वी बियांवर पाण्याचा एखादा थेंब शिंपडून हलवल्यास हे प्रमाण घटते. ही युक्ती कॉफीप्रेमींमध्ये आधीपासून प्रचलित होती. ओरेगन विद्यापीठातील संशोधकांचा सहभाग असलेल्या २०२३ सालच्या अभ्यासात बियांतील ओलावा वाढल्याने विद्युतभार कमी होतो, असे आढळून आले.

पाणी

तयार कॉफीचा बहुतांश भाग पाण्याचाच असतो. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम निष्कर्षणावर परिणाम करतात, तर बायकार्बोनेट आम्लता मारतात. अतिजड पाण्यात कॉफी सपक, खडूसारखी लागते आणि किटलीत क्षारांचे थर साचतात. उलट, जवळजवळ सर्व क्षार काढून टाकलेल्या पाण्यात ती पोकळ किंवा तीव्र आंबट लागू शकते. घरगुती आरओ यंत्रांतून येणाऱ्या पाण्याबाबत ही बाब लक्षात घ्यावी लागते. क्लोरीनचा वास कॉफीत उतरतो, म्हणून नळाचे पाणी गाळून वापरणे श्रेयस्कर असते.

पाण्याचे तापमान सामान्यतः ९० ते ९६ अंश सेल्सिअस सुचवले जाते. फिकट भाजलेल्या बियांतून घटक उतरणे कठीण असल्याने त्यांना अधिक गरम, तर गडद भाजलेल्या बियांना थोडे कमी तापमानाचे पाणी वापरतात. समुद्रसपाटीपासूनची उंची वाढते तसा उत्कलनबिंदू दर ३०० मीटरमागे साधारण १ अंशाने कमी होतो. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात पाणी ९५ ते ९६ अंशांनाच उकळते, त्यामुळे तेथे ते निववण्याची गरज राहत नाही.

तापमानाच्या महत्त्वाविषयी मतभेद आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीव्रता आणि निष्कर्षणाचे प्रमाण समान ठेवले असता ८७ ते ९३ अंशांदरम्यानच्या तापमानबदलाचा चवीवर फारसा परिणाम दिसला नाही. याचा अर्थ तापमान निरर्थक आहे असा नाही. तापमानामुळे निष्कर्षणात पडणारा फरक दळण किंवा वेळ बदलून भरून काढता येतो, इतकाच तो आहे.

बिया आणि साठवण

भाजताना बियांत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि नंतरच्या दिवसांत तो हळूहळू बाहेर पडतो. अगदी ताज्या भाजलेल्या बियांतील वायू पाण्याला आत शिरू देत नाही, म्हणून त्या काही दिवस मुरू देतात. गाळण पद्धतीत सुरुवातीला थोडे पाणी ओतून पूड फुगू देतात, त्याचाही हेतू हा वायू घालवणे हाच असतो. पूड मुळीच फुगली नाही, तर बिया शिळ्या असण्याची शक्यता असते.

बिया हवाबंद डब्यात, ऊन आणि उष्णतेपासून दूर ठेवाव्यात. कोकणासारख्या दमट हवेत उघडे पाकीट लवकर खराब होते. फ्रीजमध्ये वारंवार आतबाहेर केलेल्या पाकिटात ओल धरते. त्याऐवजी लहान हवाबंद पाकिटे करून गोठवणे अधिक सुरक्षित असते. वेष्टनावर भाजल्याची तारीख पाहून एका महिन्यात संपतील एवढ्याच बिया घेणे सोयीचे ठरते.

प्रमुख पद्धती

पुढील तक्त्यात सर्वसाधारण प्रमाणे दिली आहेत. दळणाची जाडी परिचित पदार्थांच्या तुलनेत दिली असून ती सुरुवातीसाठी मार्गदर्शक समजावी.

| पद्धत | दळण | कॉफी व पाणी (वजनाने) | वेळ |
|---|---|---|---|
| तुर्की जेझवे | मैद्यासारखे | १ : १० | २ ते ४ मिनिटे |
| मोका पात्र | बारीक, टेबलमिठाहून किंचित बारीक | पात्राच्या मापानुसार | ४ ते ६ मिनिटे |
| दक्षिण भारतीय फिल्टर | बारीक रव्यासारखे | १ : ४ ते १ : ६ | १५ मिनिटे किंवा अधिक |
| एरोप्रेस | बारीक ते मध्यम | १ : १२ ते १ : १६ | १ ते ३ मिनिटे |
| कागदी गाळणीचे शंकूपात्र | मध्यम, साखरेसारखे | १ : १५ ते १ : १७ | २.५ ते ३.५ मिनिटे |
| फ्रेंच प्रेस | जाड रव्यासारखे | १ : १५ ते १ : १७ | ४ मिनिटे किंवा अधिक |
| थंड पाण्यातील कॉफी | जाड | १ : ८ | १२ ते १८ तास |

दक्षिण भारतीय फिल्टर

वरच्या भांड्याच्या सच्छिद्र तळावर पूड पसरून तीवर दांड्याची सच्छिद्र चकती हलकेच ठेवतात. उकळी येऊन किंचित निवलेले पाणी गोलाकार ओतून झाकण लावतात. पूड फार दाबल्यास किंवा फार बारीक असल्यास अर्क उतरत नाही. जाड असल्यास तो काही मिनिटांत पाण्यासारखा पातळ उतरतो. पहिल्या वेळी उतरलेले डिकॉक्शन सर्वांत सुगंधी असते. ते पुन्हा उकळू नये, केवळ गरम दुधात मिसळावे.

कागदी गाळणीचे शंकूपात्र

कागद गरम पाण्याने धुतल्यास त्याचा वास जातो आणि पात्रही तापते. १५ ग्रॅम पुडीवर प्रथम ३० ते ४५ ग्रॅम पाणी ओतून अर्धा ते पाऊण मिनिट थांबतात. उरलेले पाणी दोन-तीन टप्प्यांत, मध्यापासून बाहेर वर्तुळाकार ओतून २५० ग्रॅमपर्यंत नेतात. जपानच्या तेत्सू कासुया यांनी २०१६ सालची जागतिक ब्रूअर्स कप स्पर्धा जिंकताना वापरलेली ‘४:६’ पद्धत प्रसिद्ध आहे. तीत २० ग्रॅम कॉफीसाठी ३०० ग्रॅम पाणी पाच वेळा ओततात. पहिल्या ४० टक्के पाण्याने आंबटगोड संतुलन आणि उरलेल्या ६० टक्क्यांनी तीव्रता साधली जाते.

फ्रेंच प्रेस

५०० ग्रॅम पाण्यासाठी ३० ते ३३ ग्रॅम जाड पूड घेऊन सर्व पाणी एकदम ओततात. चार मिनिटांनी वरचा थर ढवळून फेस काढून टाकल्यास आणि आणखी काही मिनिटे थांबल्यास गाळ तळाशी बसतो. दट्ट्या जोराने दाबल्यास गाळ पुन्हा वर येतो. धातूच्या जाळीतून तेले पार होतात, म्हणून ही कॉफी दाट लागते.

मोका पात्र

खालच्या भागात सुरक्षा-झडपेच्या खालपर्यंत पाणी आणि मधल्या गाळणीत न दाबता सपाट केलेली पूड भरतात. तापल्यावर आतील वाफ आणि हवेच्या दाबाने पाणी पुडीतून वर चढते. हा दाब एस्प्रेसो यंत्रातील सुमारे ९ बारच्या तुलनेत बराच कमी असतो, त्यामुळे मोका कॉफी दाट असली, तरी ती एस्प्रेसो नव्हे. आच मंद ठेवावी आणि गुरगुर आवाज सुरू होताच पात्र उतरवावे. ॲल्युमिनियमचे साधे पात्र इंडक्शन शेगडीवर तापत नाही.

एरोप्रेस

नळकांड्यात पूड आणि पाणी मिसळून दीड-दोन मिनिटांनी दट्ट्याने कागदी गाळणीतून अर्क दाबून काढतात. भिजवणे आणि गाळणे या दोन्ही क्रिया यात एकत्र येतात. पात्र फुटत नसल्याने ते प्रवासात सोयीचे असते.

जेझवे

लांब दांड्याच्या लहान पात्रात पूड, पाणी आणि हवी असल्यास साखर एकत्र करून मंद आचेवर ठेवतात. फेस वर येऊ लागताच पात्र उतरवतात. कॉफी न गाळता कपात ओतून गाळ खाली बसल्यावर पितात.

चवीतील दोष आणि उपाय

दोष सुधारताना एका वेळी एकच घटक बदलणे आवश्यक असते. दळण आणि वेळ एकाच दिवशी बदलल्यास फरक कशामुळे पडला हे कळत नाही.

* आंबट, पोकळ चव: दळण थोडे बारीक करावे, पाणी अधिक गरम घ्यावे किंवा वेळ वाढवावा.
* कडू, तुरट चव: दळण थोडे जाड करावे, तापमान किंवा वेळ कमी करावा.
* पातळ, पण चव संतुलित: निष्कर्षण योग्य आहे, पुडीचे प्रमाण वाढवावे.
* अति तीव्र, पण चव संतुलित: तयार पेयात गरम पाणी मिसळावे.
* आंबट आणि कडू एकाच वेळी: दळण विषम असण्याची किंवा पाणी पुडीच्या एकाच भागातून वाहिल्याची शक्यता असते.
* कुबट, खवट चव: बिया शिळ्या असतात किंवा उपकरणात जुनी तेले साचलेली असतात.

चमच्याने मोजलेल्या पुडीचे वजन भाजणी आणि दळणानुसार बदलते. गडद भाजलेल्या बिया हलक्या आणि फुगीर असल्याने त्याच चमच्यात कमी वजन मावते. म्हणून एका ग्रॅमपर्यंत अचूक असलेला साधा स्वयंपाकघरातील वजनकाटा ग्राइंडरखालोखाल उपयुक्त साधन मानला जातो.

आरोग्य

कॉफीच्या तेलांत कॅफेस्टॉल आणि काहवेओल ही द्रव्ये असतात. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथील अभ्यासात १९८३ साली कॉफीसेवन आणि रक्तातील कोलेस्टेरॉल यांचा संबंध आढळला. पुढील संशोधनात याचे कारण न गाळता उकळलेल्या कॉफीतील ही द्रव्ये, विशेषतः कॅफेस्टॉल, असल्याचे दिसून आले. कागदी गाळणी ती बहुतांशी अडवते. धातूची जाळी त्यांना अडवत नाही. त्यामुळे कोलेस्टेरॉल वाढलेल्या आणि रोज अनेक कप कॉफी पिणाऱ्या व्यक्तींसाठी फ्रेंच प्रेस किंवा जेझवेपेक्षा कागदी गाळणीची कॉफी अधिक योग्य ठरते. येथे पद्धतीची निवड केवळ चवीपुरती मर्यादित राहत नाही.

अरेबिका बियांत वजनाने सुमारे १.२ टक्के, तर रोबस्टा बियांत सुमारे २.२ टक्के कॅफिन असते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१५ सालच्या मतानुसार निरोगी प्रौढांसाठी दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गर्भवती स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सुरक्षित मानले जाते.

देखभाल आणि सुरक्षितता

हातग्राइंडरच्या चकत्या कोरड्या ब्रशने साफ कराव्यात. पोलादी चकत्या धुतल्यास गंजू शकतात. मोका पात्राची झडप क्षार साचून बंद झालेली नाही ना, हे अधूनमधून पाहणे आवश्यक असते, कारण झडप बंद असताना फार बारीक पूड दाबून भरल्यास दाब धोकादायक रीतीने वाढतो. फ्रेंच प्रेसचे काचपात्र तडा गेल्यास वापरू नये आणि दट्ट्या अडल्यास त्यावर जोर न लावता तो थोडा वर उचलून पुन्हा दाबावा. दक्षिण भारतीय फिल्टरची बुजलेली छिद्रे गरम पाण्यात भिजवून ब्रशने मोकळी करतात. पितळी फिल्टर आतून कल्हई केलेला असावा.

उरलेला चोथा ओल्या कचऱ्यातून खतासाठी वापरता येतो. तो स्वयंपाकघराच्या मोरीत टाकल्यास नळी तुंबण्याची शक्यता असते.

हेही पाहा

* कॉफी
* दक्षिण भारतीय फिल्टर कॉफी
* एस्प्रेसो
* चिकोरी
* बाबा बुडन
* भारतीय कॉफी मंडळ